बाटला चालू राहील

दादा,

तू गेल्याला आज नऊ दिवस झाले. भेटायला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक मला सांगतात की तू सुटलास. बाकीचे काही सांगत नाहीत. चहा घेतात, मान वळवून तुझ्या टाकीकडे बघतात, मग टाकीखाली उभ्या असलेल्या बाटल्याकडे आणि मग माझ्याकडे. काल समोरच्या हंसाबेननी ते तोंडाने म्हटलं. "शालिनीबेन, खोटुं ना लगाडता, पण आ गॅस घरमां राखवानो... भाईनां फेफसां..." ह्या गॅसनेच तुझी फुफ्फुसं नासली, हे पुढचं त्यांनी पदरात बांधून परत नेलं.

तुला हे सगळं ठाऊक आहे, तरी मी पहिल्यापासून लिहिणार आहे. प्रयोगवही लिहिताना वाचणाऱ्याला काही माहीत नाही असं धरून लिहावं, हे तूच कॉलेजातल्या मुलांना सांगायचास. तर लिहिते. बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या भिंतीला लागून, चार फूट लांबीची काचेची टाकी आहे. तिच्यात मासे थोडे आणि झाडं फार. त्या पाण्यातल्या झाडांना कार्बन डायऑक्साइड पुरवणारा एक लोखंडी बाटला खाली साखळीने बांधलेला आहे. आणि तू फुफ्फुसांच्या आजाराने गेलास. दोन गोष्टी एका छपराखाली घडल्या म्हणजे एकीनेच दुसरी घडवली, असं लोकांनी ठरवून टाकलं आहे. पुण्याहून आपली बहीण माई आणि तिचे यजमान भाऊजी आले आहेत. भाऊजींनी निकालही दिला आहे. तेरावा झाला की रविवारी सुभानपुऱ्यातले एक दातांचे डॉक्टर टाकी आपल्या दवाखान्यात घेऊन जाणार आणि बाटला भंगारात जाणार.

मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. माझं सगळं आयुष्य ग्रंथालयात गेलं, तिथे मोठ्याने बोलायची पद्धत नाही. पण चार दिवस आहेत, आणि मी विचार करताना लिहिते, हे तुला माहीत आहे.

आधी तो 'सुटलास' शब्द. तो मला मान्य नाही. जो अडकलेला असतो तो सुटतो. तुला इथे राहायचं होतं. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तुझ्या हाताला सलाइन होतं आणि तू नर्सशी हुज्जत घालत होतास. "सिस्टर, मिनिटाला बावीस पडतायत. कागदावर तीस लिहिलंय ने?" ती म्हणाली, "काका, तुम्ही झोपा, मोजायचं काम माझं." तू म्हणालास, "मग मोजा." तिने मोजलं. बावीसच होते. तिने चाक फिरवलं आणि तू माझ्याकडे बघून भुवई उडवलीस. असा माणूस सुटायला निघालेला नसतो. तुला नेलं. तू गेला नाहीस.

थेंब मोजायची ही सवय तुला टाकीने लावली. आता त्याकडे येते.

तू लग्न केलं नाहीस, मी केलं नाही. लोकांनी त्याची कारणं आपापल्या कुवतीप्रमाणे लावली. तू रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, मी त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात. पन्नाशीच्या आसपास तुला हे पाण्यातल्या बागेचं वेड लागलं. कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत बसून तू जगातल्या कुठल्या कुठल्या लोकांच्या टाक्यांची छायाचित्रं बघायचास आणि कागदाचे गठ्ठे छापून आणायचास. त्या वर्षांत बडोद्यात सगळं तयार मिळायला लागलं होतं. काचेच्या दारांची दुकानं, परदेशी चॉकलेटं, गाडीतल्या गाडीत थंड हवा. तुला तयार काही नको होतं. तुझी झाडं मात्र कुजत होती. आपल्या बोअरच्या जड पाण्यात ती आठ दिवस तग धरायची आणि मग काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळायची. गठ्ठ्यातून तुला कारण सापडलं. पाण्यात झाडांना खायला कार्बन कमी पडतो, तो आपण द्यायचा.

पहिला प्रयत्न तू स्वस्तातला केलास. कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटल्यांत साखरेचं पाणी आणि यीस्ट. ते फसफसतं, त्यातून गॅस निघतो, नळीने टाकीत जातो. शास्त्र बरोबर होतं. फक्त तिसऱ्या दिवशी घराला काय वास येईल याचा विचार तू केला नव्हतास. दारूबंदीच्या राज्यात, शाकाहारी सोसायटीत, दोन बिनलग्नाच्या भावाबहिणींच्या घरातून ताडीचा वास! हंसाबेन दोनदा वाटी मागायला आल्या आणि दोन्ही वेळा वाटी न घेता गेल्या. सोसायटीचे सेक्रेटरी संध्याकाळी आले. "साहेब, आपणने तो कंई वांधो नथी, पण..." तू त्यांना प्रकाशसंश्लेषण समजावून सांगितलंस. ते ऐकताना ते नाकाने श्वास घेत होते हे मी दारातून बघत होते.

दुसऱ्या दिवशी तू बाटल्या मोरीत ओतल्यास आणि मकरपुऱ्याला दिनेशभाईंच्या गॅसच्या दुकानात गेलास. वेल्डिंगवाल्यांना लागणारा कार्बन डायऑक्साइडचा बाटला, सगळ्यात लहान. तरी तो तुझ्या कमरेएवढा होता आणि आपल्याकडे लिफ्ट नाही. तू तो खांद्यावर घेऊन दोन मजले चढलास आणि दुसरा दिवसभर पाठ धरून पडून राहिलास.

त्या दिवशी माईचा फोन आला. मी म्हणाले, "दादाने काल बाटला चढवला. दोन मजले. आज झोपूनच आहे." लाइन खरखरत होती. आता हे बडोद्याबाहेरच्या माणसाला कसं सांगायचं? आपण इथे सलाइन 'लावलं' म्हणत नाही. गुजरातीतून उचलून 'बाटला चढवला' म्हणतो. गॅसचा सिलिंडर तोही बाटला, सलाइनची बाटली तोही बाटला. माई तीस वर्षं पुण्यात असली तरी तिचा कान बडोद्याचा राहिला आहे. तिने 'दादाने'च्या जागी 'दादाला' ऐकलं, 'दोन' ऐकलं, 'मजले' ऐकलंच नाही, आणि 'झोपूनच आहे' स्वच्छ ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. तू बनियनवर, हातात पाना घेऊन दार उघडलंस. दारात माई, भाऊजी, एक थर्मास आणि मोसंब्यांची पिशवी.

"दादा, तुम्ही उठलात कशाला?" भाऊजी ओरडले.

"बेल वाजली म्हणून."

माईने तुझे दोन्ही दंड उलटेपालटे करून सुईच्या खुणा शोधल्या आणि मग रडायला लागली. "शालू म्हणाली, दोन बाटले चढवले!"

"एकच," तू म्हणालास. "दोन मजले."

भाऊजी पुण्याचे, जन्माने आणि निश्चयाने. "बाटला म्हणजे नक्की काय ते मला कोणी सांगेल का? गाडीत ही म्हणाली, सलाइन."

तू त्यांना हॉलमध्ये नेऊन बाटला दाखवलास. ते त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. "हा कोणाला चढवणार?"

"ह्यांना." तू टाकीतल्या झाडांकडे बोट केलंस.

"म्हणजे मी पालेभाजीसाठी रजा काढली." ते थर्मास घेऊन खाली बसले. "तुम्हा बडोदेकरांचं संस्थान गेलं, पण थाट काही जात नाही." मग त्यांना नळीच्या मधोमध लावलेली प्लास्टिकची छोटी कुपी दिसली. "आणि हे? हे तर सलाइनचंच आहे की!"

"हो, ते सलाइनचं आहे," तू फार समाधानाने म्हणालास.

ते खरंच होतं. गॅस किती जातो ते मोजायचं परदेशी यंत्र मागवायला तू तयार नव्हतास. औषधाच्या दुकानातून सलाइनचा संच आणून त्यातली थेंब पडायची कुपी तू कापून घेतलीस, उलटी बसवलीस, त्यात पाणी भरलंस. गॅस त्यातून बुडबुड्यांनी वर जायचा आणि आपण मोजायचो. सेकंदाला एक. वेल्डिंगचा रेग्युलेटर एवढ्या बारीक कामाचा नव्हता. पहिल्याच दिवशी त्याने नळी उडवून छताला मारली. मग तू प्रयोगशाळेला माल देणाऱ्याकडून सुईचा व्हॉल्व्ह मिळवलास, केसाएवढी फट उघडणारा. मुंबईच्या मित्राने चिनी मातीची चकती पाठवली, तिच्यातून गॅस धुक्यासारखा बाहेर पडायचा. आणि काचेवर आतून चिकटवलेल्या एका लहानशा कुपीत तू तुझं निळं द्रावण भरलंस. पाण्यात गॅस किती आहे त्याप्रमाणे ते रंग बदलतं. निळं म्हणजे झाडं उपाशी, हिरवं म्हणजे पोटभर, पिवळं म्हणजे माशांच्या जिवावर. काढलेली रजा फुकट जाऊ नये म्हणून भाऊजी आठवडाभर राहिले आणि मोसंबी सोलत ते सगळं बघत बसले. मग एका दुपारी दोनच्या सुमाराला एका पानाच्या कडेवर चांदीचा एक ठिपका आला, फुगला आणि वर सुटला. मग दुसरा. झाडं प्राणवायू सोडत होती आणि तो आपल्याला डोळ्यांनी दिसत होता.

मी विरोधात होते हे इथेच लिहून ठेवते. मला ते सुंदर वाटलं आणि तरी मी विरोधात होते. आपलं भांडण त्या आठवड्यात सुरू झालं आणि कधी संपलं नाही.

"तलावात कोण बाटला लावतं?" मी म्हणायचे.

"तलावात कोण काचा लावतं?" तू म्हणायचास.

"जे आपल्या बळावर जगू शकत नाही ते जगवू नये."

"शाले, तुझ्या ग्रंथालयातली पुस्तकं आपल्या बळावर जगतात का? कसर लागू नये म्हणून तू डांबरगोळ्या घालतेस ने?"

मी हरायचे, पण मानायचे नाही. वर्षानुवर्षं. जेवताना, कपडे वाळत घालताना, रिक्षात. मला वाटतं आपण दोघंही त्यावर पोसलो.

मग तुझा खोकला आला आणि गेला नाही. डॉक्टरांनी फोटो काढले. फुफ्फुसं आतून घट्ट होत जातात, असा आजार. का झाला ते सांगता येत नाही, म्हणाले. चैत्रात घरी ऑक्सिजन आला. हॉलमध्ये दोन बाटले झाले, एक काळा तुझा आणि एक झाडांचा. तू नाकाला नळी लावून म्हणालास, "मध्ये बाटले कशाला? मला आणि झाडांनाच एकमेकांना जोडून टाकू. मी सोडतो ते त्यांना, ते सोडतात ते मला." मला हसू आलं नाही. मी भाजी निवडत होते, सुरी हातात होती, आणि मी म्हणाले, "हा बाटला तुला खातोय, दादा. तुला दिसत नाही, मला दिसतंय."

तू माझ्याकडे बघितलंस. मग तू उठलास, नळी सांभाळत टाकीशी गेलास, वाकून बाटल्याचं चाक बंद केलंस आणि परत येऊन पेपर उघडलास.

मी जिंकले. एवढा वाईट विजय माझ्या शत्रूलाही न मिळो.

अकरा दिवस गॅस बंद होता. काचेवरच्या कुपीतलं तुझं द्रावण निळंशार झालं. पानांवर काळे केस आले, शेवाळाचे. तू रोज खुर्चीत बसून ते बघत होतास. तुझी तब्येतही काही सुधारली नाही. अकराव्या दिवशी तुझे रिपोर्ट दाखवायला मी एकटी डॉक्टरांकडे गेले आणि त्यांना विचारलं. आधी म्हटलं आणि मग विचारलं, असा माझा क्रम. ते म्हणाले, "त्या टाकीचा? नाही हो. बुडबुड्याबुडबुड्याने जातो तो, आणि तुमच्या खिडक्या उघड्या असतात. ह्या आजाराशी त्याचा काही संबंध नाही. चालू द्या, त्यांचं मन रमतं."

घरी आले तेव्हा तू आत झोपला होतास. दुपारचे तीन वाजले होते, टाकीचा दिवा चालू होता. मी वाकले आणि चाक उघडलं. मग सुईचा व्हॉल्व्ह. किती फिरवायचा ते मला माहीत नव्हतं. तो मी नळासारखा फिरवला. कुपीत बुडबुडे मोजता येण्यासारखे राहिले नाहीत, नुसती एक रेघ झाली. मला वाटलं, बरंच आहे, अकरा दिवसांची भूक आहे. मी चहा टाकायला गेले. स्वयंपाकघर आवरून तासाभराने परत आले तर सगळे मासे पाण्याच्या वरच्या थरात, तोंडं बाहेर काढून, आवाज न करता ओरडत होते. काचेवरची कुपी पिवळी झाली होती.

मी हाक मारली की काय, आठवत नाही. तू नळी ओढत आलास, जितकी पुरली तितकी, मग ती नाकातून काढून टाकलीस. चाक बंद केलंस. स्वयंपाकघरातून तांब्या मागितलास आणि टाकीतलं पाणी घेऊन उंचावरून परत टाकीत ओतायला लागलास, हवा मिसळावी म्हणून. तुला धाप लागली होती. मी तांब्या घ्यायला गेले, तू दिला नाहीस. मग दिलास. आपण आळीपाळीने ओतत राहिलो. अर्ध्या तासाने पहिला मासा खाली उतरला. तू खुर्चीत बसलास, मी तुझी नळी लावली. तुझे ओठ निळे होते. तू म्हणालास, "शाले, सावकाश."

एवढंच. कोणी उघडला, का उघडला, काही नाही.

श्वास आल्यावर तू मला शिकवलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. सुई केसाएवढी फिरवायची आणि हात काढून घ्यायचा. लगेच परत हात लावायचा नाही, दहा मिनिटं बघायचं. "तोवर तू वाच," म्हणालास. दर आठवड्याला साबणाचा फेस सांध्यांना लावायचा. फुगा आला तर गॅस सुटतो आहे. खिडकी कधी बंद करायची नाही. दिवा मालवला की गॅसही बंद, अंधारात झाडं खात नाहीत. आणि बाटल्याच्या डोक्यावरचा काटा. "ह्याच्यावर विश्वास ठेवू नकोस," तू म्हणालास. "आत द्रव आहे तोवर हा हलतच नाही. भरलेला असो की पाव उरलेला असो, तिथेच. हलायला लागला म्हणजे संपत आलं समज."

त्या दिवशी मला म्हणता आलं असतं. दादा, मी चुकले. मी डॉक्टरांना विचारलं, ते असं म्हणाले. आठ-नऊ शब्द. मी म्हणाले, "चहा गार झाला, परत टाकू?" त्यानंतर तुझ्यापाशी साडेतीन महिने होते आणि माझ्यापाशीही. रोज मी ते उद्यावर टाकलं. तू मात्र चाक उघडण्याचं काम त्या दिवसापासून माझ्याकडे दिलंस, जणू काही मी अर्ज केला होता.

आता मध्ये दोन दिवस गेले. अकरावा दिवस आहे.

काल सकाळी दिवा लावला आणि बघितलं, तर काटा हलला होता.

मी साडी बदलली. माई म्हणाली, "सुतकात कुठे निघालीस?" मी म्हणाले, मकरपुऱ्याला. भाऊजींनी चष्मा काढला. "अगं, रविवारी जायचंय ते सगळं. आता भरून कशाला आणायचा?" बाटला सोडवण्यात माझे दोन्ही हात गुंतले होते आणि पाना उलट्या बाजूला फिरतो हे मी विसरले होते. शेवटी खालच्या रिक्षावाल्याला बोलावलं.

दिनेशभाईंनी बाटला ओळखला आणि माझ्या मागे बघितलं. "भाई नथी आव्या?"

"गुजरी गया. दहा दिवस झाले." मी अर्धं गुजराती, अर्धं मराठी बोलत होते.

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. एक स्टूल पुढे केलं. मग मी त्यांना विचारलं, कारण मला कुणीतरी जाणता माणूस हवा होता. "बधा कहे छे के आ गॅसथी. ह्या गॅसनेच तो गेला म्हणतात."

"आ गॅसथी?" त्यांनी भिंतीला लावून ठेवलेल्या बाटल्यांकडे हात केला. पन्नास तरी असतील. "बेन, चाळीस वरसथी हुं आमां ज बेठो छुं." चाळीस वर्षं ते ह्याच बाटल्यांत बसलेले होते. मग मला नीट कळावं म्हणून हिंदीत आले. "खिडकी बंद करके खुल्ला छोड दो, तो आदमी मरेगा. सच बात है. मगर भाई तो मुझे आके डाँटते थे, तुम्हारी दुकान में हवा नहीं आती, वो खिडकी तोडके बडी करो." त्यांनी वर बोट दाखवलं. खिडकी मोठी होती. तिच्या कडेचं सिमेंट बाकीच्या भिंतीपेक्षा नवं होतं.

ही खिडकी तू मला कधी सांगितली नव्हतीस.

परत आले तेव्हा हंसाबेन आणि आणखी दोघी बसल्या होत्या. भाऊजी त्यांना तुझ्या शेवटच्या दिवसांचं सांगत होते. बाटला आत आला तसे सगळे तिकडे वळून बघू लागले. मी तो जागेवर ठेवून घेतला, साखळी लावली, रेग्युलेटर बसवला, सांध्यांना साबण लावला. फुगा आला. पुन्हा आवळलं. आला नाही. मग मी उठले आणि म्हणाले, "भाऊजी, टाकी कुठे जाणार नाही."

"शालू, तू एकटी. उद्या तुला काही झालं तर? आणि लोक काय—"

"लोकांचं मी आताच ऐकून घेते. हंसाबेन, इथेच आहात, बरं झालं. दादा ह्या गॅसने गेला नाही. मी डॉक्टरांना विचारलंय, चार महिन्यांपूर्वी."

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. हंसाबेननी पदर तोंडावर धरला. भाऊजी उभे राहिले. त्यांना रडू येत होतं, म्हणून ते रागावले. त्यांना तू गेल्याचा राग कशावर तरी काढायचा होता आणि बाटला उलट बोलत नाही, एवढंच होतं ते. मला ते तेव्हा कळलं.

"चार महिने! मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

"दादालाच सांगितलं नाही."

ते मी सगळ्यांसमोर म्हणाले. तुला म्हणायचं ते त्यांना म्हणाले. हंसाबेनना बहुधा अर्धंच कळलं, पण त्या उठून माझ्याजवळ येऊन बसल्या. माई आत गेली आणि नळ सोडून उभी राहिली, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. भाऊजी चष्मा पुसत म्हणाले, "सेकंदाला एक ना? का दोन?"

"एक," मी म्हणाले.

ते कुपीसमोर मनगटावरचं घड्याळ धरून बसले.

आज रविवार. सुभानपुऱ्याचे डॉक्टर दोन माणसं, एक लांब पाइप आणि तीन बादल्या घेऊन आले. गृहस्थ चांगले आहेत. टाकीकडे बघून म्हणाले, "काच फर्स्ट क्लास आहे. झाडं काढून टाकू, आम्हाला गोल्डफिश बस झाले. पेशंट लोकांना रंग आवडतात." मी तोंड उघडलं, पण भाऊजी माझ्या आधी बोलले. "माफ करा, तुम्हाला खेप पडली. घरच्यांचा विचार बदललाय." मग थोडं थांबून, पुणेरी स्वच्छपणे, "म्हणजे विचार आधीपासून हाच होता. मी विचारलं नव्हतं." डॉक्टर चहा घेऊन रिकाम्या बादल्यांसकट गेले. दुपारच्या गाडीने माई आणि भाऊजीही गेले.

आता घरात मी आहे आणि हे सगळं आहे. दादा, मी तुला एक सांगून ठेवते, म्हणजे तुझा गैरसमज नको. तुझी आठवण म्हणून मी ही टाकी ठेवलेली नाही. आठवणीला हात लावायचा नसतो, तिच्यावरची धूळ झटकायची असते. मला तसलं काही सांभाळायचं नाही. ही जिवंत आहे, तिला रोज खायला लागतं, आणि ती आता माझी आहे.

म्हणून आता टाकीतल्या त्या डावीकडच्या बाजूचं. तू करजणजवळच्या नदीतून आणलेला तो काळा दगड मधोमध उभा केलास, त्याची सावली डावीकडे पडते आणि तिथे कधीही काही धड उगवलं नाही. पानं तिकडून पिवळी होत येतात. मला हे कितीतरी वर्षं दिसत होतं. मी म्हणाले नाही, कारण मी मूळ बाटल्याच्याच विरोधात होते. दगडाबद्दल बोलले असते तर बाकीचं मान्य केल्यासारखं झालं असतं. आता बाकीचं मान्य केलं आहे. तुला हा दगड फार आवडायचा. तुझं म्हणणं होतं, सावली हवीच. माझं म्हणणं आहे की तू चुकत होतास, आणि तू असतास तर आज आपलं दुपारभर वाजलं असतं.

मी बाह्या वर केल्या, गॅस बंद केला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घालून दगड उचलला. दिसतो त्याच्या दुप्पट जड आहे. तो आता मोरीत आहे. टाकीतलं पाणी गढूळ झालं आहे, समोरचा हात दिसत नाही, मासे कुठे आहेत कळत नाही. गाळ खाली बसायला तास लागेल, कदाचित दोन. मी खुर्ची ओढून घेतली आहे. मला काही घाई नाही.